रॉड सगळ्यात शेवटी: खोल पाण्यातल्या जिगिंगसाठी काठी कशी निवडावी

माझा पहिला जिगिंग रॉड मी दुकानात दोनदा हवेत झटकून पाहिला आणि घेऊन टाकला. ताठ होता, जाडजूड होता, त्यामुळे मोठा मासा लागला तर मोडणार नाही एवढी खात्री वाटली. पहिल्याच फेरीत ऐंशी मीटर पाण्यात तीन तास २५० ग्रॅमचा जिग (दोरीनं खोल सोडून खालीवर नाचवायचं, गळ लावलेलं धातूचं आमिष) उपसत बसलो. मासा लागायच्या आधीच उजवा खांदा बोलायला लागला. शेजारी उभा असलेला गडी करंगळीएवढ्या जाडीच्या काठीनं, जणू गप्पा मारता मारता, तेवढाच जिग नाचवत होता, आणि मासेही त्यालाच लागत होते.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. खोल पाण्यात काठीचं पहिलं काम मासा ओढून काढणं नाही, जिग हलवणं आहे. दिवसभरात तुम्ही जिग हजारदा उचलता आणि मासा लागतो तो दोन-चारदा, फार तर दहादा. दहा वेळांच्या हिशोबानं घेतलेली काठी उरलेल्या हजार वेळा त्रास देते. म्हणून रॉडची निवड सगळ्यात शेवटी करायची. आधी पाणी, मग जिग, मग दोरी, आणि त्यानंतर काठी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत, आणि क्रम मोडला की पैसे दोनदा खर्च होतात.

१. पाणी किती खोल आणि ओढ (प्रवाहाचा जोर) किती

तुम्ही बहुतेक वेळा किती खोलीवर गरवता, तो आकडा आधी लिहून काढा. एकदा कधीतरी गेला होतात ती सर्वांत खोल जागा धरू नका, दहापैकी सात फेऱ्या जिथे होतात ती धरा. जुने मच्छीमार खोली वावांत सांगतात. एक वाव म्हणजे साधारण १.८ मीटर, त्यामुळे ‘पन्नास वाव’ ऐकलं की नव्वद मीटर समजायचं.

जिगच्या वजनाचा ढोबळ हिशोब असा: मंद ओढीत दर मीटरला १ ग्रॅम, जोरदार ओढीत दर मीटरला २ ग्रॅम. म्हणजे १०० मीटरला १०० ते २०० ग्रॅम. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत खालचा आकडा पुरतो. उधाणाला ओढ वाढली की वरचा आकडाही कधी कमी पडतो.

ओढ दुहेरी मारा करते. ती जिगला वाहून नेते आणि दोरीलाही ढकलते. दोरीचा हा भाग नवशिक्यांच्या लक्षातच येत नाही. ०.३३ मिलिमीटर जाडीची १०० मीटर दोरी पाण्यात सोडली, तर ओढीला सामोरं जाणारं तिचं क्षेत्रफळ ३३० चौरस सेंटीमीटर भरतं, म्हणजे अर्ध्या ए-फोर कागदाहून थोडं जास्त. तेवढा पत्रा तुम्ही वाहत्या पाण्यात आडवा धरलाय असं समजा. दोरी ०.२३५ मिलिमीटरची असेल तर हाच आकडा २३५ वर येतो. म्हणजे दोरी बारीक केली की जिग हलका चालतो, जिग हलका झाला की काठीही हलकी चालते. सगळं एकमेकांत असं अडकलेलं आहे.

पाण्यावर एक साधी खूण बघायची. जिग तळाला टेकल्यावर दोरी सरळ खाली जाते की तिरकी? ती ४५ अंशांनी तिरकी झाली की १०० मीटर खोलीला जवळपास १४० मीटर दोरी सुटलेली असते, आणि तुम्ही काठी वर उचलता तेव्हा जिग वर जायच्याऐवजी तिरका होडीकडे सरकतो. अशा वेळी जिगचं वजन वाढवायचं, नाहीतर दोरी बारीक करायची. नुसती काठी बदलून इथे काही होत नाही.

२. जोरात की संथ

जिगिंगचे दोन ढंग आहेत आणि काठीची जातच त्यावर ठरते. दोन्ही ढंगांना एकच काठी पुरेल असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या, पण विकत घेऊ नका.

पहिला ढंग जलद जिगिंगचा. लांबट, सुरीसारखा जिग तळाशी टेकवायचा आणि एका उचलीला रीलच्या (दोरी गुंडाळायच्या चक्राच्या) हँडलचा एक फेरा अशा तालात झपाझप वर आणायचा. पळणाऱ्या भक्ष्यामागे धावणारे मासे, म्हणजे ॲम्बरजॅक, ट्रेव्हली, ट्यूना, यांना हा प्रकार भावतो. इथे जिग हलवतो तुमचा हात, काठी त्या हाताला साथ देते. त्यामुळे काठी आखूड लागते, साधारण पाच ते साडेपाच फुटांच्या आसपास, बुडाशी ताकदवान आणि वरच्या अर्ध्यात लवचीक.

दुसरा ढंग संथ, म्हणजे स्लो पिच. हा जपानमध्ये घडला आणि नोरिहिरो सातो यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. इथे काठी हातानं झटकतच नाहीत. हँडल पाव, अर्धा किंवा पूर्ण फेरा फिरवायचं. त्यानं काठीचं टोक खाली वाकतं, मग काठी आपल्या स्प्रिंगनं सरळ होते आणि तीच जिगला वर फेकते. वर गेलेला जिग क्षणभर सैल पडतो, आडवा होतो आणि झाडाचं पान गळावं तसा गिरक्या घेत खाली येतो. मासा बहुतेक वेळा या पडण्यावर घेतो. तळाशी राहणारे, फार पळायची हौस नसलेले ग्रूपर आणि स्नॅपर या ढंगाला चांगले लागतात.

म्हणजे संथ जिगिंगमध्ये काठी हेच इंजिन आहे. ती लवकर सरळ झाली पाहिजे, डुगडुगत राहता कामा नये. म्हणून हे रॉड बारीक असतात, पण आतलं कार्बन उंची असतं, आणि लांबी सहा ते पावणेसात फूट. हातात घेतल्यावर ‘हे मोडेल’ असंच वाटतं. चुकीच्या पद्धतीनं वापरलं तर मोडतंही. त्याबद्दल पुढे बोलू.

माझा सल्ला विचाराल तर, पाठ-खांद्याची तक्रार असेल किंवा ऐंशी मीटरच्या खाली नियमित जात असाल, तर संथ ढंगानं सुरुवात करा. जलद जिगिंगची मजा वेगळी आहे, पण दीडशे मीटरवरून तोच जिग चाळीस वेळा झपाझप वर आणायला मजूर लागतो.

३. दोरी आणि ड्रॅग

खोल पाण्यात तंगूस विसरा. नायलॉनची दोरी ताणाखाली वीस टक्के आणि त्याहूनही जास्त लांबते. १०० मीटरवर तुम्ही काठी दीड मीटर उचललीत तर ती सगळी उचल दोरीच गिळून टाकते, खाली जिगला पत्ताही लागत नाही. ब्रेडेड, म्हणजे धाग्यांची विणलेली, दोरी तीन-चार टक्केच ताणते. दर दहा मीटरला रंग बदलणारी घ्या, म्हणजे मासा कोणत्या थरात लागला ते कळतं. तंगूस किंवा फ्लुरोकार्बन फक्त लीडरपुरतं, म्हणजे जिगला बांधायच्या शेवटच्या काही मीटरच्या तुकड्यापुरतं.

जपानी पद्धतीच्या रॉडवर दोरीचा आकडा पीईमध्ये लिहिलेला असतो. पीई म्हणजे पॉलिएथिलीन, आणि हा आकडा दोरीची जाडी सांगतो, ताकद नाही. पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५, पीई ४ म्हणजे ०.३३, पीई ६ म्हणजे साधारण ०.४. एकाच पीईच्या दोन कंपन्यांच्या दोऱ्यांची ताकद चांगलीच वेगळी असू शकते.

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, किती ओढीला रीलनं दोरी सोडायची तो आकडा. तो ठरवताना दोरीची छापील ताकद धरायची नाही, सगळ्यात कमजोर जागा धरायची. ती जवळपास नेहमीच गाठ असते. गाठ १८ किलोला सुटते असं घरी स्प्रिंगकाट्यावर ओढून कळलं, तर ड्रॅग तिच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे साडेचार ते सहा किलो. हा आकडा कागदावर लिहा. रॉडच्या लेबलवर तुम्हाला तोच शोधायचा आहे.

४. लेबल वाचणं

ब्लँकवर (काठीच्या नुसत्या दांड्यावर) ग्रिपच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि बरेच जण तेवढंच वाचत नाहीत. लांबी फूट-इंचात असते: सहा फूट तीन इंच म्हणजे १.९ मीटर. जिगचं वजन ग्रॅममध्ये, कधी औंसात, आणि एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. ड्रॅग किलोत किंवा पौंडात, पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम.

जिगच्या वजनापुढे लिहिलेला वरचा आकडा ही मर्यादा असते, सोयीचं वजन नव्हे. ‘कमाल ३०० ग्रॅम’ असा रॉड माझ्या अनुभवात १८० ते २२० ग्रॅमला खरा रंगात येतो. तीनशेला तो जिग ओढतो, नाचवत नाही. म्हणून पायरी १ मध्ये काढलेलं तुमचं नेहमीचं वजन रॉडच्या कमाल आकड्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर पडलं पाहिजे. नेहमी २०० ग्रॅम वापरत असाल तर ३०० च्या आसपासचा रॉड बघा.

जिगचा आकारही मोजावा लागतो. २०० ग्रॅमचा शिशाचा जिग पाण्यात तरंगशक्तीमुळे १८२ ग्रॅमच भरतो, पण काठीला जाणवतो तो पाण्याचा विरोध. रुंद, पानासारखा २०० ग्रॅमचा जिग काठीला तेवढ्याच वजनाच्या सुरीसारख्या जिगपेक्षा बराच जड लागतो. टंगस्टनचा जिग त्याच वजनात लहान असतो, म्हणून हलका चालतो आणि लवकर बुडतो. रुंद जिग आवडत असतील तर एक पायरी वरची ताकद घ्या.

ड्रॅगचा आकडा वाचताना एक मेख आहे. काही उत्पादक काठी जवळजवळ दोरीच्या रेषेत धरल्यावरचा आकडा छापतात, काही वाकलेल्या काठीचा. कोनाचा उल्लेख नसेल तर छापील आकड्याच्या अर्ध्यावर विश्वास ठेवावा.

५. लांबी आणि तरफेचा हिशोब

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण पाठदुखीचं मूळ इथेच आहे.

काठी ही तरफ आहे, आणि दुर्दैवानं मासा लांब टोकाला असतो. बूड पोटाशी टेकवलंय, पुढचा हात बुडापासून ५० सेंटीमीटरवर आहे आणि काठीचं टोक आडवं १८० सेंटीमीटर पुढे आहे असं धरा. ड्रॅग ६ किलो. तुमच्या पुढच्या हाताला पेलावं लागणारं वजन ६ गुणिले १८० भागिले ५०, म्हणजे २१.६ किलो. मासा सहा किलोनं ओढतोय आणि तुम्ही जवळपास बावीस किलो उचलून धरलंय.

आता काठी खोलवर वाकणारी घ्या. ताणाखाली टोक झुकून पोटापासूनचं आडवं अंतर १०० सेंटीमीटरवर आलं. हाताला बारा किलो. तोच मासा, तोच ड्रॅग, भार जवळपास निम्मा. ताठ काठी ताकदवान वाटते, पण ती ताकद माशाच्या हातात असते. वाकणारी काठी तरफ आखूड करून तुमचं काम हलकं करते.

याच हिशोबातून संथ जिगिंगच्या बारीक काठीनं मोठा मासा कसा काढतात तेही कळतं. मासा लागला की ते काठीचं टोक पाण्याकडे खाली नेतात. काठी दोरीच्या रेषेत आली की तरफ जवळपास शून्य, सगळा भार रीलवर. मासा रीलनं येतो, काठी फक्त धक्के खाते. ज्याला काठी उपसून मासा काढायची सवय आहे त्यानं अशी काठी घेऊ नये, किंवा आधी सवय मोडावी.

लांब काठी जिगला जास्त उंच फेकते, आखूड काठी लढताना सोपी पडते. होडीचा कठडा उंच असेल तर थोडी लांबी बरी, म्हणजे होडीखाली शिरणाऱ्या माशाची दोरी होडीच्या बुडाला घासत नाही. तुमची उंची कमी असेल तर लांब काठीचं टोक सारखं पाण्याला लागतं, तेही बघा.

६. ब्लँक कशाचा

ग्लास फायबर जड, पण मार खाणारा. कार्बन हलका, लगेच सरळ होणारा आणि तळाशी जिगला काय लागलं ते हाताला सांगणारा. दोन्हींचं मिश्रण मधलं. जलद जिगिंगला मिश्रण छान चालतं, होडीवर आपटाआपट सोसतं. संथला कार्बनच.

कार्बनचा ‘टन’ आकडा मोठा म्हणजे काठी चांगली असं विक्रेते सुचवतात. तो आकडा कडकपणाचा आहे. जितकं कडक कार्बन तितकी भिंत पातळ करता येते, काठी हलकी आणि चपळ होते, आणि आपटल्यावर तितकीच सहज तडकते. पहिल्या रॉडला सर्वांत वरचा टन मागू नका. आणि कार्बन विजेचा वाहक आहे: आकाश गडगडायला लागलं की काठी खाली ठेवायची आणि किनारा गाठायचा.

७. रील वर की खाली

स्पिनिंग रील काठीच्या खाली लटकते, ओव्हरहेड वर बसते, आणि रॉड त्या-त्या रीलसाठीच बनलेला असतो. शंभर मीटरच्या आत आणि जलद ढंगाला स्पिनिंग सुखाचं. त्याच्या खाली किंवा संथ ढंगाला मी ओव्हरहेडकडे झुकतो: दोरी सरळ स्पूलवर (रीलमधल्या दोरीच्या रिळावर) येते, अंगठ्यानं पडणारा जिग थांबवता येतो, आणि भाराखाली हँडल फिरवायला जोर कमी लागतो. जिग पडतानाच मासा घेतो तेव्हा तो अंगठा सोन्याचा ठरतो.

ओव्हरहेड काठीवर एक अडचण असते. गाइड (दोरी ओवायच्या कड्या) वरच्या बाजूला असल्यामुळे भाराखाली काठी हातात पिळते, उलटी व्हायला बघते. त्यावर उपाय म्हणून गाइड पहिल्या दोन-तीन कड्यांत हळूहळू बाजूनं खाली नेलेले असतात. असा सर्पिल मांडणीचा रॉड पहिल्यांदा बघताना सदोष वाटतो, पण तो मुद्दाम तसा असतो आणि माझं मत त्याच्याच बाजूनं आहे.

गाइडच्या आतली कडी सिरॅमिकची हवी. सिलिकॉन कार्बाइडची असेल तर उत्तमच, ब्रेडेड दोरी तिला खाचा पाडत नाही. घेण्याआधी प्रत्येक कडीतून कापसाची काडी फिरवा. कापूस अडकला तर तडा आहे.

८. पकड

रील सीट (रील बसवायची जागा) घट्ट हवी, लॉकनट दोन असतील तर बरं. रीलच्या मागचा दांडा मोजताना हातात रील धरून कोपर वाकवा. संथ जिगिंगला हा दांडा काखेत किंवा कोपराखाली दाबून धरायचा असतो, तो कोपराच्या मागे मूठभर जायला हवा. फार लांब असेल तर कपड्यात अडकतो, आखूड असेल तर मनगट काम करतं आणि दुपारपर्यंत सुजतं. जलद ढंगात बूड पोटावरच्या पट्ट्यात बसवायचं असेल तर बुडाला खाचेची टोपी आहे का बघा. संथच्या बऱ्याच रॉडना ती नसते.

काठी अखंड आहे की दोन तुकड्यांत, याची मला फारशी फिकीर वाटत नाही. जोड ग्रिपजवळ असेल तर वाकण्यात फरक पडत नाही. मध्यावर जोड असलेला रॉड मात्र जिगिंगला घेऊ नका.

९. हातात घेऊन पारखणं

हवेत झटकून काही कळत नाही, माझ्या खांद्याला विचारा. त्याऐवजी परवानगी घेऊन एवढं करा.

तुमचीच रील सोबत न्या आणि बसवून तोल बघा. पुढून जड असलेली काठी दिवसभर मनगट खाते. मग दोरी गाइडमधून ओवा, नेहमीच्या वजनाचा जिग टोकाशी लटकवा आणि काठी आडवी धरा. टोकाचा भाग झुकला पाहिजे, अख्खी काठी नाही. संथ ढंगासाठी हँडल पाव फेरा झटक्यात फिरवा: टोक खाली जाऊन एका उसळीत परत वर आलं तर ठीक, दोन-तीनदा डुललं तर ब्लँक मऊ आहे. हवेत पाण्याचा विरोध नसतो, म्हणून थोडी मऊ वाटणारी काठी पाण्यात आणखी मऊ वाटेल हे धरून चला.

नंतर दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली बांधा, म्हणजे दोन किलो. काठी आडवीच ठेवून हळू उचला. बाक टोकापासून मुठीकडे सलग जायला हवा, कुठे कोन पडता कामा नये. वाकलेल्या काठीवर दोन गाइडच्या मध्ये दोरी ब्लँकला घासत असेल तर गाइड कमी आहेत. काठीचं टोक आकाशाकडे करून बाटली उचलू नका. असं केलं की सगळा बाक वरच्या बारीक वीतभरात गोळा होतो, आणि जिगिंग रॉड बहुतेक इथेच मोडतात. होडीजवळ आलेला मासा काठी उभी करून वर उचलायचा मोह होतो तेव्हाही हेच घडतं. मी एक रॉड असाच घालवला, तोही जेमतेम तीन किलोच्या माशावर. शेवटचे दोन मीटर जाळीला किंवा लीडरला हात घालायचा, काठीला नाही.

तीन जोडण्या

साठ ते शंभर मीटर, मध्यम ओढ, संथ ढंग: सहा फूट तीन ते सहा इंचांचा ओव्हरहेड रॉड, कमाल २०० ते २५० ग्रॅम, पीई २, जिग १२० ते १६०. पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी हीच जोडणी सांगतो.

शंभर ते दोनशे मीटर: त्याच लांबीचा पण कमाल ३५० ते ४०० ग्रॅमचा, पीई २ ते ३, जिग २०० ते २८०. दोरी किमान ४०० मीटर भरा, तिरकी ओढ आणि पळणारा मासा दोन्ही धरून. तीनशे मीटरच्या खाली नियमित जाणार असाल तर विजेवर चालणारी रील आणि तिच्यासाठीचा रॉड हा वेगळाच संसार आहे.

चाळीस ते ऐंशी मीटर, मोठे पळणारे मासे: साडेपाच फुटांच्या आतला स्पिनिंग रॉड, कमाल ३०० ग्रॅम, पीई ४ ते ५, सुरीसारखे जिग १५० ते २००.

पहिल्या फेरीत तळाशी जिग अडकला तर काठीनं झटके देऊ नका. टोक सरळ जिगकडे करा, दोरी लाकडाच्या दांड्याला गुंडाळा आणि होडीलाच ओढू द्या. हाताला गुंडाळलेली ब्रेडेड दोरी बोट कापते. जागा बदलताना जिगचा गळ गाइडच्या चौकटीत अडकवून लोंबकळत ठेवू नका, तो ब्लँकवर आपटून बारीक खाच पाडतो, आणि ती खाच पुढच्या मोठ्या माशाच्या वेळी उमगते. घरी आल्यावर गोड्या पाण्याची मंद धार पुरते. जोराच्या फवाऱ्यानं मीठ उलट रील सीटच्या आत जातं.

त्या फेरीत तासाभरानं थांबून स्वतःला दोन गोष्टी विचारा. हँडलच्या पुढच्या फेऱ्याआधी टोक सरळ होतंय का? होत नसेल तर जिग एक पायरी हलका लावा. आणि जिग वर गेल्यावर दोरी क्षणभर सैल पडतेय का? पडत नसेल तर काठी जिगला सोडतच नाहीये, जिग जड करा किंवा फेरा आणखी झटकन द्या. दोन्ही करूनही ताल बसत नसेल, तर शेजाऱ्याची काठी दहा मिनिटं मागून घ्या.